दहा मिनिटांचं रीळ, तासाभराची हमाली

टेलिफोनची तबकडी कशी फिरवावी, हे कोट-टाय घातलेला गृहस्थ दहा मिनिटं समजावून सांगतो. एकदाही हसत नाही. जुन्या लघुपटांवर माझा जीव जडलाय तो या न हसण्यामुळे. दात घासणं असो की रस्ता ओलांडणं, ही मंडळी असा चेहरा करून शिकवतात की जणू युद्धच पुकारलंय. मुद्दाम केलेल्या विनोदाला ही सर नाही.

पण अशा लघुपटाचं सोळा एमएमचं, म्हणजे सोळा मिलिमीटर रुंद फिल्मचं, रीळ हातात पडलं की हसू आवरायचं आणि आधी डबा हुंगायचा. व्हिनेगरचा वास आला तर ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकची फिल्म कुजायला लागली म्हणून समजा. तो डबा लांब ठेवा, त्यातल्या आम्लाची वाफ शेजारच्या रिळांनाही बिघडवते. चित्र गुलाबी दिसलं तर प्रोजेक्टरला शिव्या घालू नका. जुन्या रंगीत प्रिंटमधला निळसर-हिरवा रंग बऱ्याचदा सगळ्यात आधी उडतो. मग आकाश, गवत आणि गृहस्थ, सगळेच लाजल्यासारखे.

खरा छळ प्रोजेक्टरमध्ये फिल्म ओवण्याचा. दातेरी चाकांवरून फिल्म सलग सरकते, गेटमध्ये, म्हणजे दिव्यासमोरच्या खिडकीत, मात्र सेकंदाला २४ वेळा थांबते. ही ओढाताण सोसायला गेटच्या वर एक आणि खाली एक सैल लूप ठेवावा लागतो. खालचा लूप सुटला की चित्र उड्या मारतं. आवाज फिल्मच्या कडेच्या पट्टीत, चित्राच्या २६ फ्रेम पुढे छापलेला असतो आणि गेटच्या पुढे वाचला जातो, त्यामुळे लूप नुसता लहान-मोठा झाला तरी गृहस्थाचे ओठ एक बोलतात आणि कानावर दुसरंच येतं. म्हणून मोटर लावण्याआधी हातानं मूठ फिरवून फिल्म थोडी सरकवून बघावी. फिल्म गेटमध्ये अडकली आणि दिवा चालूच राहिला, तर पडद्यावर तपकिरी बुडबुडा फुगतो. तोही बरोबर नाकावर.

एवढं केल्यावर ४०० फुटांचं रीळ ११ मिनिटांत संपतं. लगेच उलट गुंडाळून ठेवा. आळस केलात तर पुढचा माणूस ते शेपटाकडून ओवणार. बोलपटाच्या प्रिंटला दात अडकायची भोकं सहसा एकाच कडेला असतात आणि आवाज दुसऱ्या, म्हणजे चाकांचे दात थेट आवाजाच्या पट्टीत रुतणार. त्यानंतरचं भाषण खडखडाटासकट ऐकायचं. गृहस्थ तेव्हाही हसत नाही.