निकाली कुस्तीच्या नादी लागू नका

अमेरिकेत कुस्तीचा धंदा काढायचा बेत आहे म्हणता? उत्तम. काळ १८८० ते १९२५च्या आसपासचा धरू, कारण त्यानंतरच्या मंडळींना सगळं आयतं मिळालं. पहिला सल्ला लगेच देऊन टाकतो: खरी कुस्ती लावू नका. फार लांबते.

१८८१ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम मल्डून आणि क्लॅरन्स व्हिसलर ग्रीको-रोमन पद्धतीने, म्हणजे कमरेखाली न धरता, भिडले. सात तास उलटले तरी कोणाची पाठ जमिनीला लागेना. शेवटी बरोबरीत सोडवली. मल्डून पोलीसखात्यात काम केलेला माणूस, त्याला रात्रपाळीची सवय असेल. पण तिकीट काढून आलेल्याने काय करायचं? बरं, यातून कोणी धडा घ्यावा, तर तेही नाही. १९१६च्या ४ जुलैला ओमाहात जो स्टेकर आणि एड लुईस भर उन्हात जवळजवळ पाच तास एकमेकांना रेटत राहिले आणि निकाल पुन्हा तोच. त्या दिवशी अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन होता आणि बघणाऱ्यांना स्वातंत्र्य तेवढं मिळालं नाही.

भांडवल कमी असेल तर जत्रेपासून सुरुवात करा. यादवी युद्धानंतर गावोगाव फिरणाऱ्या खेळांच्या तंबूत एक पैलवान उभा असायचा. पुकारा एकच: याच्यापुढे ठरलेली मिनिटं टिकून दाखवा आणि इनाम घेऊन जा. तुमचा एक माणूस आधीच गर्दीत पेरून ठेवा. अंगात शेतकऱ्याचे कपडे, चेहऱ्यावर थोडा भाबडेपणा. तो पुढे येईल, टिकेल, गाव टाळ्या वाजवेल आणि गावातला खरा दांडगा शर्ट काढू लागेल. पैजा तेव्हा घ्यायच्या, आधी नाही. दांडगा फारच निघाला, तर त्याला रेटत मागच्या कनातीपर्यंत न्यायचं आणि कनातीपलीकडे उभ्या असलेल्या आपल्या माणसाने कापडावरूनच डोक्यात हाणायचं, असं जुने लोक सांगत. हे खोटं असेल तर कल्पना तरी दाद देण्याजोगी आहे.

मोठी मजल मारायची असेल तर जॉन मेब्रे या ठकाची शिकवणी लावा. आयोवा राज्यातलं कौन्सिल ब्लफ्स हे त्याच्या टोळीचं मुख्य ठाणं. गिऱ्हाईक म्हणजे सुखवस्तू शेतकरी, व्यापारी, बँकवाले, चारचौघांत मान असलेले. त्यांच्याकडे एक सद्गृहस्थ येणार आणि कानात सांगणार: अहो, मी काही लक्षाधीशांचा चिटणीस. त्यांनी मला फार वाईट वागवलं. त्यांचा पैलवान आमच्याशी मिळालेला आहे, तो ठरवून पडणार. पैसे लावायला फक्त एक विश्वासू माणूस हवा. विश्वासू माणूस घरून रोकड घेऊन येतो. सामना सुरू होतो आणि ऐन रंगात आपलाच गडी कोसळतो. तोंडात लपवलेली रक्ताची पिशवी त्याने चावलेली असते. टोळीचाच डॉक्टर नाडी बघून 'गेला' म्हणतो. असले सामने मुळात बेकायदा, त्यात खुनाची भानगड! सगळे पळतात, विश्वासू माणूस सर्वांत पुढे. तक्रार तो कोणत्या तोंडाने करणार? साहेब, मी लोकांना फसवायला गेलो होतो, त्यांनी मला फसवू दिलं नाही?

कुस्ती, मुष्टियुद्ध, घोड्यांची शर्यत, सगळीकडे हाच प्रयोग लागायचा. मेब्रेचं चुकलं ते एवढंच, की पत्रव्यवहार नीट जपून ठेवला. तो टपालखात्याच्या हाती लागला. १९१० साली त्याला दोन वर्षं कैद आणि दहा हजार डॉलर दंड झाला, तोही टपालाचा गैरवापर केला म्हणून. तेव्हा फसवा कोणालाही, पण तिकीट लावून नको.

आता तुम्ही म्हणाल, मग खऱ्या पैलवानांचं काय? असायचे की! मार्टिन 'फार्मर' बर्न्स गळ्यात फास घालून खाली उडी मारायचा आणि लटकल्या लटकल्या शीळ घालायचा. त्याचा पट्ठा फ्रँक गॉच. १९०८ साली शिकागोत गॉचने युरोपातून आलेल्या जगज्जेत्या जॉर्ज हॅकेनश्मिटला दोन तास असं पिळलं, की त्याने स्वतःहूनच हार मानली आणि मागाहून तक्रार केली, की याने अंगाला तेल चोपडलं होतं. १९११च्या फेरलढतीला शिकागोच्या बेसबॉल मैदानात तीसेक हजार माणसं लोटली. हॅकेनश्मिट दुखरा गुडघा घेऊनच उतरला आणि अर्ध्या तासाच्या आत दोनदा चीत झाला. एवढा मोठा गल्ला आणि एवढी छोटी कुस्ती! निकाली कुस्ती चालवायला घेतली की ती एकतर संपत नाही, नाहीतर फार लवकर संपते.

यावर पक्का उपाय काढला तो एड लुईस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी. वेळेची मर्यादा, उचलून आपटणं, दोरांवरून बाहेर फेकणं आणि मुख्य म्हणजे निकाल आधी कागदावर. लुईसच्या मानेच्या पकडीसाठी लाकडाचं एक डोकं मधोमध चिरून आत स्प्रिंग बसवले होते, ते तो दाबत बसायचा. जिंकणार कोण हे ठरलेलं असताना एवढी मेहनत कशाला, असं वाटतं ना? मलाही वाटायचं. उत्तर १९२५ साली मिळालं.

वेन मन्न नावाचा नेब्रास्काचा धिप्पाड फुटबॉलपटू होता. कुस्ती येत नव्हती, पण पोस्टरवर शोभायचा. जानेवारीत कॅन्सस सिटीला लुईसने ठरल्याप्रमाणे हार पत्करली आणि मन्न जगज्जेता झाला. एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात त्याच्यापुढे पडायला चाळिशी ओलांडलेला स्टॅनिस्लॉस झिबिस्को उभा केला. हा तोच झिबिस्को, जो १९१० साली लंडनमध्ये गामापुढे अडीच तासांच्या आसपास पोटावर पडून राहिला आणि पुढच्या तारखेला फिरकलाच नाही. (पुढे १९२८ साली पतियाळात गामाने त्याला मिनिटभराच्या आत आस्मान दाखवलं, तो भाग वेगळा.) पण गामापुढे पडणारा मन्नपुढेही पडेल, हा हिशेब कोणी केला कोण जाणे. म्हातारा विरोधी गोटाशी, म्हणजे स्टेकरच्या मंडळींशी, संधान बांधून आला होता. त्याने मन्नला खरोखर धरला, खरोखर आपटला, लागोपाठ दोनदा. हजारो लोकांसमोर पंचांना खरा निकाल देण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. म्हणून सांगतो, पदरी एक अस्सल मल्ल ठेवाच आणि पट्टा त्याच्याच कमरेला असू द्या. खोटी कुस्ती राखायला खरी यावी लागते.

३० मे १९२५ला सेंट लुईसमध्ये झिबिस्कोने तो किताब स्टेकरच्या हवाली केला. त्याच दिवशी मिशिगन सिटीला लुईसने मन्नला पाडलं. फिलाडेल्फियाचा निकाल आम्ही मानतच नाही, सबब जगज्जेता मीच, असा त्याचा दावा. घाबरू नका. दोन जगज्जेते म्हणजे दोन गल्ले. या दोघांची जोड लागायला १९२८चा फेब्रुवारी उजाडला, तोवर दोन्हीकडची तिकिटं खपत राहिली. तुमच्यावर ही वेळ आली तर पोस्टरवर दोघांच्याही नावापुढे 'जगज्जेता' छापा आणि जोड लागेल त्या दिवशी पुढच्या रांगांचे दर वाढवायला विसरू नका.