आमच्या कांद्यावरची काळी बुरशी राहिली की
तुमच्या बुरशीवरच्या लेखात पेनिसिलिन, चीज सगळं आलं पण कांदा कसा काय राहिला?? निफाडकडे पावसाळ्यात कुणाच्याही कांदा साठवायच्या चाळीत जा, कांद्याचा वरचा पापुद्रा काढला की खाली काजळी चोळल्यासारखी काळी पूड, बोटं काळी होतात. ती अ‍ॅस्परजिलस नायजर. मागच्या वर्षी आमचा निम्मा माल असाच फेकला. आणि गंमत बघा, हीच बुरशी कारखान्यात साखरेवर, मळीवर वाढवून सायट्रिक अ‍ॅसिड काढतात, १९१७ ला जेम्स करी नावाच्या केमिस्टने ते दाखवलं, म्हणजे सरबताच्या पावडरीतला आंबटपणा बहुतेक वेळा हिचाच. आमच्या चाळीत मात्र नुसतं नुकसान 😀

द्राक्षावरचा डाऊनी रोग आणणारी तर खरी बुरशीच नाही, वेगळ्या घराण्यातली आहे, तरी आम्ही बुरशीनाशकच मारतो.

एक पटलं नाही. पावावरचा हिरवा डाग कापून बाकीचा खा असं लिहिलंय, अहो पाव मऊ असतो, धागे आत कुठवर गेलेत ते दिसतच नाही. शेंगदाण्याचं पण तेच, अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीने सोडलेलं विष, भाजून पूर्ण जात नाही. आमची आजी सुरकुतलेला काळपट दाणा दिसला की सरळ बाहेर टाकायची, कोंबड्यांना पण घालायची नाही.