अधिकृत निवड

एप्रिलच्या मध्यावर दोन गोष्टी दरवर्षी न चुकता घडतात. नागपुरातले कूलर माळ्यावरून खाली उतरतात आणि पॅरिसमध्ये कान्स चित्रपट महोत्सवाची अधिकृत निवड जाहीर होते. पहिल्या घटनेकडे आमच्या सुभाषनगरातले प्रत्येक घर डोळे लावून बसलेले असते. दुसरीकडे डोळे लावून बसणारा मी एकटाच. २०२४ साली ती यादी मी स्टुलावर उभा राहून वाचली. एका हातात ओला वाळा होता, दुसऱ्या हातात मोबाइल होता, आणि जाळीला तार बांधायला तिसरा हात नव्हता. आतून सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, लागला का?" मी ओरडलो, "तीस वर्षांनी लागला!" पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' निवडला गेला होता आणि १९९४ नंतर प्रथमच एक भारतीय चित्रपट कान्सच्या मुख्य स्पर्धेत उतरणार होता, सौभाग्यवती मात्र कूलरच्या पंपाविषयी विचारत होत्या. माझे उत्तर प्रमाण मानून त्यांनी बटण दाबले आणि पंपाने पहिली धार माझ्या शर्टावर सोडली. मे महिन्यात त्या चित्रपटाला ग्रां प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळाला, तोवर तो आमच्या घरात 'पंपवाला सिनेमा' या नावाने रूढ झाला होता.

निवड म्हणजे काय हे सांगितल्याशिवाय पुढची माझी यातना कळायची नाही. कान्सकडे दरवर्षी दोन हजारांहून अधिक पूर्ण लांबीचे चित्रपट येतात आणि मुख्य स्पर्धेत त्यांतले साधारण वीस बसतात. ही पहिली पंगत. 'अं सर्तें रगार' ही दुसरी पंगत. पदार्थ तेच, फक्त वाढणाऱ्यांचा हात थोडा आखडता. 'डायरेक्टर्स फोर्टनाइट' हे १९६९ पासून दिग्दर्शकांच्या संघटनेने शेजारच्या मांडवात चालवलेले स्वतंत्र कार्य, ज्याची वरात त्याच गावातून आणि त्याच दिवसांत निघते. सर्वांच्या पलीकडे चित्रपटांचा बाजार भरतो आणि तिथे पैसे मोजून आपला चित्रपट लावता येतो. असा चित्रपट लावून आलेला मनुष्य गावी परतून "कान्सला दाखवला" असे सांगू लागला, तर त्याला खोटारडा म्हणता येत नाही. लग्नाच्या मांडवाबाहेर पाणीपुरी खाऊन "त्या लग्नात होतो" असे सांगणाऱ्यालाही आपण काही म्हणत नाही.

पोस्टरवर मात्र पंगत ओळखता येत नाही, कारण पाने सगळ्यांनाच मिळतात. महोत्सवाच्या नावाला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारी ती लॉरेलची पाने आपल्या तेजपानाच्या कुळातलीच आहेत. सात महोत्सवांच्या सात जोड्या छापलेले एक पोस्टर मी सौभाग्यवतींना कौतुकाने दाखवले तेव्हा त्यांनी ते चष्मा लावून नीट निरखले आणि विचारले, "सावजी भोजनालय काढतात काय हे लोक?" माझ्या स्वतःच्या पाहणीत असे आढळले आहे की, पोस्टरवरची पाने जितकी जास्त, तितके त्या चित्रपटाचे नागपुरातले खेळ कमी.

पूर्वी असे नव्हते म्हणतात. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला आणि तोच चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ चाललाही. परदेशी परीक्षकांना आवडलेली गोष्ट आपल्या माणसांना आवडू नये, असा नियम तेव्हा झाला नसावा. माझ्या काळात मात्र गोष्टी फार अवघड झाल्या. 'कोर्ट' या मराठी चित्रपटाने २०१४ साली व्हेनिसच्या 'होरायझन्स' विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार पटकावला. त्यातले लोकशाहीर नारायण कांबळे उभे करणारे वीरा साथीदार आमच्याच नागपूरचे. चित्रपट २०१५ च्या १७ एप्रिलला प्रदर्शित झाला, पण माझी रजा मंजूर होईपर्यंत इथला आठवडा उलटला आणि नागपूरच्या माणसाला पडद्यावर पाहण्यासाठी मला पुण्याला बहिणीकडे जावे लागले. त्याच महिन्यात मराठी चित्रपटांना मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळची मोक्याची वेळ देण्याची घोषणा झाली होती. त्यावर बराच गदारोळ झाला आणि अखेर मोक्याची वेळ म्हणजे दुपारी बारा ते रात्री नऊ, अशी तडजोड ठरली. एप्रिलमधली दुपारी बाराची वेळ मोक्याची मानणाऱ्याने एकदा व्हरायटी चौकात सिग्नल सुटेपर्यंत उभे राहून पाहावे. पुढे 'द डिसायपल' या मराठी चित्रपटाने २०२० साली व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत उतरून पटकथेचा पुरस्कार मिळवला आणि इथे तो सरळ नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा मला खेदाबरोबर थोडी सुटकाही वाटली, हे कबूल करतो.

आता मूळ प्रसंग. गेल्या पावसाळ्यात असाच एक पानाफुलांनी डवरलेला हिंदी चित्रपट नागपुरात लागला. त्याचे नाव लिहीत नाही, कारण घडले त्यात त्याचा काहीही दोष नव्हता. संपूर्ण शहरात त्याचा एकच खेळ होता, सकाळी ९ वाजून २० मिनिटांनी, तोही शहराच्या पूर्व टोकाला. शुक्रवारी एक किरकोळ रजा खर्चून, मेट्रोने आंबेडकर चौक गाठून आणि तिथून छत्री सांभाळत चालत मी थिएटरात पोचलो. दाराशी उभ्या असलेल्या मुलाने माझ्या मोबाइलवरचे तिकीट पाहून अतिशय दुःखी चेहरा केला.

"शो कॅन्सल झाला सर. पब्लिक नाही."

"मी आलो आहे ना!"

"तुम्ही एकटेच आहे सर. तुमचे पैसे येऊन जाईल, पाच-सात दिवसांत."

किती पब्लिक असले म्हणजे खेळ होतो, असे मी विचारले. त्याने आत जाऊन चौकशी केली आणि सहा तिकिटे गेली तर शो लागून जातो, असे सांगितले. वर दिलासा दिला, "संडेला आणा ना सर घरच्यांना."

म्हणजे जगभरातल्या जाणकारांनी हजारोंमधून तो चित्रपट निवडला होता, आणि आता नागपूरच्या सुमारे पंचवीस लाख लोकांतून त्याच्यासाठी पाच प्रेक्षक निवडण्याचे काम माझ्याकडे आले होते. दोहोंपैकी अवघड कोणते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. कान्सच्या निवड समितीकडे चित्रपट आपण होऊन येतात. माझ्याकडे कुणीही अर्ज केला नव्हता.

सौभाग्यवतींची निवड अर्थातच थेट झाली, कारण त्यांना वगळले असते तर समितीच बरखास्त झाली असती. शेजारचे काकाजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यांना मी अभिजात विभागात घेतले. "गाणे-गिणे आहेत काय हो?" या त्यांच्या प्रश्नाला मी "पार्श्वसंगीत फार संयत आहे" असे उत्तर दिले आणि ते त्यांनी होकारार्थी धरले. अभियांत्रिकीला असलेला भाचा तर्री पोह्यांच्या दोन प्लेटींवर तयार झाला. मेहुण्याला त्याच भागात बाथरूमचे नळ पाहायला जायचे होते, म्हणून तो स्पर्धेबाहेरचा प्रवेश ठरला. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने चित्रपटात काय घडते असे विचारले. मी खरे ते सांगितले आणि तो गळाला. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू म्हणाले, "ओटीटीवर येईलच की!" मोठ्या साखळ्यांतली थिएटरे हिंदी चित्रपट लावायचा तर ओटीटीवर येण्याआधी आठ आठवडे जाऊ द्या, असा आग्रह धरतात, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यावर ते म्हणाले, "आम्हाला कुठे घाई आहे?" या माणसाशी वाद घालणे शक्य नव्हते.

सहावा प्रेक्षक शनिवारच्या रात्री अकरापर्यंत मिळाला नाही, तेव्हा मी सहावे तिकीट कुणाच्याही नावाने न काढता नुसतेच काढले.

रविवारी सकाळी दारावरच्या त्याच मुलाने आम्हाला पाहून ओळखीचे स्मित केले, पाच माणसे मोजली, सहा तिकिटे मोजली आणि काही न बोलता आत सोडले. सहाव्या खुर्चीवर आम्ही ओल्या छत्र्या ठेवल्या. काकाजींनी त्या खुर्चीकडे बराच वेळ पाहिले. "छत्र्यांचे पण तिकीट काढले काय?" असे त्यांनी मेहुण्याला हळूच विचारले, पण सगळे सभागृह रिकामे असल्यामुळे ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेले.

चित्रपट सुरू झाला, म्हणजे आधी त्याला पैसे देणारे सुरू झाले. या प्रकारचे चित्रपट बहुधा चार-पाच देशांतल्या निधींच्या आधाराने उभे राहतात आणि प्रत्येक निधीची मुद्रा पडद्यावर स्वतंत्रपणे, शांतपणे उमटते. फ्रान्स आले, नेदरलँड्स आले, आणखी कोणकोण आले. काकाजी म्हणाले, "आमच्या धरणाला पण एवढ्या मंजुऱ्या लागत नव्हत्या."

त्यानंतर पडद्यावर एक बाई ओसरीत बसून वाटाण्याच्या शेंगा सोलू लागली. कॅमेरा हलला नाही. शेंग उचलायची, टोक मोडायचे, अंगठा फिरवायचा, दाणे परातीत, साल बाजूला. बाहेर पाऊस, कुठेतरी कोंबडा. मला ते फार सुंदर वाटले. पहिले दाणे रिकाम्या परातीत टणटण वाजत होते आणि जशी परात भरत गेली, तसा तो आवाज मऊ होत गेला. कोणत्याही संवादावाचून वेळ किती गेला ते दिग्दर्शकाने आपल्याला कानांनी कळवले होते, आणि हे मी डाव्या बाजूला वळून सांगणार, तेवढ्यात सौभाग्यवती अस्वस्थपणे म्हणाल्या, "अळ्या बघतच नाही आहे ती." वाटाण्यात अळी असते, हा मुद्दा कोणत्याही समीक्षकाला सुचला नसेल, पण तो एकदा कानावर पडल्यावर पुढची प्रत्येक शेंग आम्ही पाचही जण श्वास रोखून पाहू लागलो. चित्रपटात इतका थरार असल्याचे दिग्दर्शकाला ठाऊक नसावे. शेजारच्या पडद्यावर एक मारधाडीचा चित्रपट जोरात चालला होता आणि त्यातले स्फोट भिंतीतून आमच्याकडे येत होते, त्यामुळे भाच्याला काही काळ या बाईच्या गावात खाणकाम चालू आहे असे वाटत राहिले.

एक तासाने बाईने हात थांबवले. परात बाजूला सरकवली, पदराने बोटे पुसली, मुलाकडे वळून पाहिले आणि म्हणाली, "तुझे मैंने कभी बताया नहीं, लेकिन—"

आणि दिवे लागले. मध्यंतर!

महोत्सवांत मध्यंतर नसते आणि चित्रपट करणाऱ्याने ते कल्पिलेलेही नसते. आपल्याकडे मात्र चित्रपटाचे दोन तुकडे केल्याखेरीज पॉपकॉर्न विकता येत नाही. आम्ही बाहेर आलो. पाच गिऱ्हाइकांसाठी काउंटरवरच्या मुलाने यंत्र तेव्हाच चालू केले आणि ते तापण्याची वाट पाहत आम्ही उभे राहिलो. काकाजींना कमी मीठ हवे होते, मेहुण्याला चीजवाले. पहिला दाणा फुटला तेव्हा आत दिवे मालवले गेले. मी धावत जाऊ पाहत होतो, पण पैसे मी द्यायचे असल्यामुळे मला सोडायला कुणी तयार नव्हते. आम्ही पुडे घेऊन खुर्च्यांपर्यंत पोचलो तेव्हा ती बाई बसमध्ये बसली होती, मुलगा कुठेच नव्हता, आणि जे सांगायचे ते सांगून झाले होते.

पुढचा पाऊण तास तिने एकही शब्द उच्चारला नाही.

चित्रपट संपला. कान्सला प्रेक्षक उभे राहून किती मिनिटे टाळ्या वाजवतात, ते वार्ताहर घड्याळ लावून मोजतात. आमच्याकडे फक्त काकाजी उभे राहिले. गुडघे मोकळे होईपर्यंत पुढची खुर्ची धरून ते पडद्याकडे तोंड करून निश्चल उभे होते आणि तेवढ्या वेळात मी एकट्याने टाळ्या वाजवून घेतल्या. भाच्याने मोबाइलवर मोजून दीड मिनिट सांगितले. झाडू घेऊन आलेला माणूस दाराशीच थबकला.

परतीच्या मेट्रोत दोसर वैश्य चौक येईपर्यंत कुणी बोलले नाही. मग मेहुणा म्हणाला, "बाप जिवंत असणार त्याचा. तेच सांगितले तिने." सौभाग्यवतींच्या मते तिने वावर विकले होते, कारण त्याशिवाय बाई एवढे वाटाणे एका बैठकीत सोलत नाही. भाचा म्हणाला, ती काहीच बोलली नसणार; अशा चित्रपटांत 'लेकिन'नंतर शांतताच असते. काकाजींनी डोळे मिटून विचार केला आणि प्रकरण नवऱ्याच्या सेवापुस्तिकेतल्या नोंदीचे आहे, असे ठाम मत दिले. सीताबर्डीला आवाज इतके चढले की समोर बसलेल्या एका अनोळखी बाईंनी वाकून विचारले, "तुमच्या घरातलेच आहे काय कोणी?"

घरी येऊन मी कालनिर्णयावर आठ आठवडे मोजले आणि त्या शुक्रवारभोवती गोल केला. त्या चौकोनात सौभाग्यवतींच्या अक्षरात 'गॅस' असे आधीच लिहिलेले होते. काकाजींच्या आग्रहावरून त्याखाली आता 'बाईचे वाक्य' असेही लिहिले आहे.