‘पैसे कुठे पळून जातात?’

नमस्कार. रद्द झालेल्या विमान तिकिटाचे पैसे रोखच परत मागा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप असा की २०२० च्या टाळेबंदीत विमानं जागेवर उभी, पगार आणि विमानांची भाडी मात्र चालू. अशा वेळी रोख परतावा मागा म्हणणं म्हणजे कंपन्या बुडवणं. क्रेडिट शेल घेतलं, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी पैसे कंपनीकडेच जमा ठेवले, तर ते कुठे पळून जातात?

पळून जातात. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, लगेच उड्डाणं थांबली. ज्यांचे पैसे कंपनीकडे अडकले होते ते प्रवासी एका रात्रीत घेणेकरी झाले, तेही विनातारण. रांगेत बँका पुढे, हे मागे. जानेवारी २०२५ मध्ये तर कंपनी अवसायनात काढण्याचा, म्हणजे मालमत्ता विकून गुंडाळण्याचा, आदेशच झाला. भिशी बुडाली की ज्याचा नंबर लागायचा राहिलाय तोच रडतो, तसं हे.

कंपन्यांची अडचण खोटी होती असं मी कुठेच म्हटलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १ ऑक्टोबर २०२० च्या निकालात ती मान्य केली. पण कशी, ते बघा. टाळेबंदीआधी काढलेल्या तिकिटांचे पैसे १५ दिवसांत द्या. जमत नसेल तर क्रेडिट शेल, पण त्याची किंमत ३० जून २०२० पर्यंत दरमहा अर्धा टक्का, पुढे पाऊण टक्का वाढणार. ते दुसऱ्याला देता येणार आणि ३१ मार्च २०२१ पर्यंत न वापरलेली रक्कम रोख परत. याला व्याजासकट परतफेड म्हणतात! मेहरबानी असलीच तर ती प्रवाशाची कंपनीवर.

एरवीही डीजीसीएचा, म्हणजे हवाई वाहतुकीच्या सरकारी नियामकाचा, नियम स्पष्ट आहे: पैसे क्रेडिट शेलमध्ये ठेवायचे की नाही हे प्रवाशाने ठरवायचं, कंपनीने परस्पर नाही. तुम्ही दर महिन्याला पुणे-दिल्ली करत असाल तर खुशाल ठेवा.

‘नॉन-रिफंडेबल तिकीट घेतलं तर भोगा’ हे तुमचं म्हणणं प्रवाशाने स्वतः रद्द केलेल्या तिकिटापुरतं बरोबर, आणि तिथेही विमानतळाचं शुल्क आणि कर परत मिळतातच. विमान कंपनीनेच रद्द केलं तर भाड्याचा प्रकार गैरलागू.

राहता राहिले तुमच्या मेहुण्यांचे तिकीट पोर्टलच्या वॉलेटमध्ये अडकलेले पैसे. पोर्टल म्हणजे एजंटच, आणि एजंट हा विमान कंपनीचा प्रतिनिधी, त्यामुळे परताव्याची जबाबदारी कंपनीचीच. आधी कंपनीला पीएनआरसकट लेखी कळवा, मग एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार, तरी हलले नाहीत तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.