'बंगाल'ने दोन जपानी क्रूझर बुडवल्या नाहीत

नौदल दिन जवळ आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो: "१९४२ साली 'बंगाल' या चिमुकल्या भारतीय नौकेने एकटीने दोन जपानी क्रूझर बुडवल्या." या बढाईपायी 'बंगाल'ने खरोखर जे केलं, तेच झाकलं जातंय.

'दोन' हे साफ चूक. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांच्या नैऋत्येला बुडाली ती फक्त 'होकोकु मारू' ही जपानी बोट. तिची जोडीदार 'आयकोकु मारू' निसटली. अमेरिकी विमानांनी तिला बुडवलं ते १९४४ मध्ये, प्रशांत महासागरातल्या त्रुक बेटांपाशी. आणि 'क्रूझर', म्हणजे मोठी युद्धनौका, म्हणावं तर दोन्ही मूळच्या प्रवासी-मालवाहू बोटी, तोफा चढवून युद्धात उतरवलेल्या. अर्थात त्या दुबळ्या मुळीच नव्हत्या. दहा हजार टनांवरच्या, १४० मिलिमीटरच्या तोफांच्या. समोर 'बंगाल' जेमतेम साडेसहाशे टनांची, मोठी तोफ एकच, तीही बारा पौंडी, म्हणजे बारा पौंडांचा गोळा टाकणारी.

'एकटीने' हेही खोटं. ती 'ऑन्डिना' या डच टँकरला (तेलवाहू जहाजाला) सोबत करत होती आणि टँकरवर चार इंची तोफ होती. 'होकोकु मारू'च्या मागच्या भागात स्फोट घडवणारा गोळा आपलाच, असं दोन्हीकडून सांगितलं गेलं. माझ्या मते पारडं 'ऑन्डिना'कडे झुकतं. तिच्या तोफचींचं श्रेय आपण का लाटावं?

'भारतीय' म्हणाल तर खलाशी भारतीय, पण कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्सन ब्रिटिश आणि नौदल ब्रिटिश राजवटीतलं 'रॉयल इंडियन नेव्ही'. नौका सिडनीत बांधलेली, भारताकडे पहिल्यांदाच निघालेली.

आता उलट्या टोकाची मंडळी म्हणतात, "मग 'बंगाल' टँकरला टाकून पळालीच की!" हे तर मला जास्तच खटकतं. शत्रू दिसताच विल्सननी टँकरला निसटायला सांगितलं आणि आपली नौका थेट जपानी बोटीवर घातली. टँकरला पळायला वेळ मिळावा, एवढाच हेतू. 'बंगाल' माघारी वळली ती नंतर, तोफेचे गोळे संपत आल्यावर, धुराचा पडदा सोडत. गोळेच उरले नाहीत तर थांबून करणार काय होती?

'ऑन्डिना'ला टॉर्पेडो लागले, कप्तान हॉर्समन मारले गेले, होड्यांत उतरलेल्या खलाशांवर मशीनगन चालल्या. टँकर गेला असं समजून जपानी निघून गेले. 'बंगाल'नेही हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटावर पोचल्यावर तसंच कळवलं. पण उरलेले खलाशी पुन्हा टँकरवर चढले, आग विझवली, आणि तो ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला परत नेला.