वास आला नाही म्हणून ट्यूना सॅलड चांगलं, असं नसतं हो

एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की ट्यूना सॅलड फ्रिजमध्ये दहा दिवस आरामात टिकतं, कारण त्यातला सीलबंद डब्यातला ट्यूना मासा शिजलेला असतो आणि मेयोनीजमध्ये व्हिनेगर असतं, वास येत नसेल तर बिनधास्त खा आणि शंका आलीच तर गरम करून खा. यात थोडंसं खरं आहे, म्हणूनच लोकांना पटतं आणि म्हणूनच मला जास्त काळजी वाटते.

डब्याचं आधी. सीलबंद डबा वर्षानुवर्षं टिकतो कारण सील केल्यावर तो प्रेशरमध्ये तापवलेला असतो, पण ते झाकण उघडेपर्यंतच. एकदा उघडला की त्यात चमचा जातो, चिरलेला कांदा जातो, आपले हात लागतात, आणि स्टॅफिलोकोकस हा जंतू कितीतरी निरोगी माणसांच्या नाकात आणि कातडीवर असतोच.

मेयोनीजवर मात्र लोक उगाच खापर फोडतात, विकतचं मेयोनीज आंबट असतं आणि त्यात जंतू सहसा वाढत नाहीत, हे मेसेजमधलं बरोबर आहे. पण मासा आणि भाज्या कालवल्या की तो आंबटपणा पातळ होतो, मग त्याच्या भरवशावर दहा दिवस कसे काढणार?

आता वास. अन्नाला घाण वास आणणारे जंतू वेगळे आणि आपल्याला आजारी पाडणारे बरेचदा वेगळे. लिस्टेरिया हा जंतू तर फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतो, ना वास बदलतो ना रंग, आणि त्रास कधीकधी काही आठवड्यांनी सुरू होतो, तोवर सॅलड कुणाच्या लक्षातही नसतं. गरोदर बायका आणि वयस्कर माणसं यांना तो फार जड जातो. म्हणजे आंबूस वास, बुळबुळीतपणा, बुरशी, यातलं काहीही दिसलं तर लगेच फेकायचं, पण दिसलं नाही म्हणजे खायला हरकत नाही असा उलटा अर्थ काढू नका. नुसतं पाणी सुटलं असेल तर ते भाज्यांचंही असू शकतं, अशा वेळी दिवस मोजा.

गरम करून खा हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो, कारण स्टॅफिलोकोकस उष्णतेने मरतो पण त्याने आधीच सोडलेलं विष तसंच राहतं. ट्यूनामध्ये हिस्टामीन या त्रासदायक रसायनाचाही प्रश्न असतो, मासा थंड ठेवला नाही तर ते तयार होतं, आणि नंतर शिजवून किंवा गोठवून जात नाही. तोंडात मिरीसारखं चुरचुरतं, चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, तेही खाल्ल्यावर काही मिनिटांत ते एखाद-दोन तासांत, आणि माणसाला वाटतं ॲलर्जी आली.

मग ठेवायचं कसं? फ्रिज 4 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली, आणि सॅलड 3 ते 4 दिवसांत संपवायचं. बाहेर जास्तीत जास्त 2 तास, हवा 32 अंशांच्या वर असेल तर 1 तासच, त्याहून जास्त राहिलं तर परत फ्रिजमध्ये ठेवून काही उपयोग नाही, टाकूनच द्या. झाकणाच्या उथळ डब्यात भरा म्हणजे लवकर गार होतं, आणि दारात न ठेवता आतल्या बाजूला ठेवा, दार सारखं उघडझाप होतं. फ्रीझरमध्ये ठेवलं तर मेयोनीज फुटतं आणि सगळं पाणचट होतं, त्यापेक्षा लागेल तेवढंच करा आणि डब्यावर केल्याची तारीख लिहा.