डॉलरचं गाव वसवताना

तुमच्याकडे आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्र काढायचं घाटत असेल, तर आधी एक खात्री करून घ्या. तिथे बँका, दलाल, शेअर बाजार असलं काही नाही ना? असेल तर नाद सोडा. मुंबईने तो केला. रिझर्व्ह बँक, सेबी, दोन्ही शेअर बाजार, हिऱ्यांचा बाजार, सगळं घरचंच. म्हणून मग समिती नेमली गेली. पर्सी मिस्त्री समितीचा अहवाल २००७ मध्ये आला. त्यात रुपया मोकळा करा हे होतंच, शिवाय शहराचा कारभारही सुधारा असं लिहिलं होतं. इतका परखड अहवाल हाती आला की छान बांधून घ्यावा, कपाटात बरीच वर्षं टिकतो.

त्यापेक्षा मोकळं रान बघा. गुजरातच्या गिफ्ट सिटीसारखं साबरमतीकाठचं ८८६ एकर चालेल. इथे कोण येणार, असं लोक विचारतील. सांगा, इथे यायचं नाहीच, इथून परदेशी जायचंय! गिफ्ट सिटीतल्या वित्तीय केंद्रातलं कार्यालय परकीय चलनाच्या नियमांपुरतं देशाबाहेरचं धरतात. म्हणजे डबा घरून न्यायचा, बसायचं गांधीनगरच्या वेशीवर आणि कंपनी मात्र अनिवासी. वर सौदा डॉलरमध्ये, खाली चहा रुपयांत. जोडीला १५ वर्षांपैकी १० वर्षं प्राप्तिकर माफ, अशी सुरुवात करा. (आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याने हीच सवलत मागितली, तर त्याला दूरदृष्टी नाही म्हणावं.)

गिऱ्हाईकही आयतं मिळतं. निफ्टी मोजतात मुंबईत, पण परदेशी मंडळी तिचे सौदे करायची सिंगापुरात. जुलै २०२३ मध्ये ते दुकान उचलून गिफ्ट सिटीत आणलं. वाटेत मुंबई लागली नाही.

कारभाराचं म्हणाल, तर गुंतवणूकदार कराला भीत नाही इतका खिडक्यांना भितो. बँकेला एक नियामक, शेअरला दुसरा, विम्याला तिसरा, पेन्शनला चौथा. २०१९ च्या कायद्याने वित्तीय केंद्रापुरते चौघांचे अधिकार एका प्राधिकरणाकडे दिले आणि चौघांचा एकेक माणूस त्याच्या मंडळावर घेतला. लेक-सून वेगळी राहिली तरी एक किल्ली सासूकडे असतेच. मुख्यालय गांधीनगरला हे जाहीर करायला मुहूर्तही कसा धरावा, तर एप्रिल २०२०. ऐन टाळेबंदी. मोर्चा निघत नाही, पत्रावर भागतं. शरद पवारांनी पंतप्रधानांना ते लिहिलंही.

उरली माणसं. पैसा सवलतीला भुलतो, माणूस मात्र विचारतो की साडेसातनंतर काय? गुजरातेत दारूबंदी. मग डिसेंबर २०२३ मध्ये गिफ्ट सिटीपुरती ती सैल केली. परवानावाल्या कर्मचाऱ्याने ठरलेल्या जागीच प्यायची, आणि पाहुण्याला तात्पुरता परवाना, पण सोबत तिथला कर्मचारी हवा, असा तेव्हाचा नियम. झालं, कंपनीत एक नवं काम निघालं: साहेबांच्या पाहुण्याचा ग्लास रिकामा होईपर्यंत समोर बसून खारे दाणे खाणे. हे काम मागायलाही लोक येतील. केंद्र चाललं म्हणायचं ते तेव्हा.

आणि तुमचा गुंतवणूकदार चुकून मुंबईत उतरलाच, कुर्ल्याहून शेअर रिक्षात ड्रायव्हरशेजारी अर्धा टेकून बीकेसीत पोचलाच, तरी घाबरू नका. वित्तीय केंद्रासाठी राखलेल्या तिथल्या जागेखाली बुलेट ट्रेनचं स्थानक होतंय. गाडीचं शेवटचं स्थानक साबरमती.